गुरुवारची सफाई

“मोहिनी, तुला माझं फोल्डर दिसतंय का गं?”

हेमांगीताईंनी हे पेन मागावं तशा आवाजात विचारलं. सकाळचे सव्वानऊ झाले होते. त्यांनी अजून स्वेटरही काढला नव्हता. आम्हा सगळ्यांचं काम एकाच मोठ्या डिस्कवर असायचं, ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. मी पाहिलं. गिरीशचं होतं, माझं होतं, टिपणीस सरांचं होतं. ‘हेमांगी’ नव्हतं.

“नाही दिसत, ताई.”

“आणि ‘हेमांगी ओल्ड’?”

ते होतं.

“म्हणजे टाकायचं ते राहिलं आणि ठेवायचं ते गेलं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पर्स खांद्यावरच होती.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. माझी बोटं गार पडली होती. डिसेंबरातलं नाशिक होतं, बोटं तशीही गारच असायची. पण ही थंडी निराळी होती. काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका होमिओपॅथी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं नऊ. दिवसभर खालून त्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांचा आणि स्पिरिटचा वास यायचा. आम्ही चिपची मांडणी करायचो, म्हणजे नखाएवढ्या जागेत हजारो बारीक भाग कुठे बसवायचे, त्यांच्यामधल्या तारा कुठून न्यायच्या, ते ठरवायचं काम. त्या वेळी हातात होती कानाच्या यंत्रातली चिप. तिचा सगळ्यात किचकट तुकडा हेमांगीताईंकडे होता, आणि तो सोमवारी दुपारी बारापर्यंत गिऱ्हाइकाकडे पोचवायचा होता.

मी चाळीसगावहून आलेली, बावीस वर्षांची, प्रोबेशनचा चौथा महिना. माऊस डाव्या हाताने चालवायचे म्हणून गिरीश मला ‘उलटी गंगा’ म्हणायचा. त्याला सगळ्यांनाच काहीतरी म्हणायची सवय होती. हेमांगीताई बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या तेव्हा टिपणीस सरांनी त्यांना तीन महिन्यांपुरता अर्धा दिवस दिला होता, नऊ ते तीन. घड्याळात तीन वाजले की गिरीश टेबलावर पट्टी आपटून घंटा द्यायचा, “टण टण टण! शाळा सुटली!” ताई हसून जिना उतरायच्या. त्यांची रेणू सात महिन्यांची होती. तिला शेजारच्या कुलथेबाई सांभाळायच्या, पण साडेतीनला त्यांच्या शिकवणीची मुलं यायची. साडेतीन म्हणजे साडेतीन.

आता सफाईचं सांगते, म्हणजे माझी बोटं का गार पडली ते कळेल.

आमची डिस्क सारखी भरायची. म्हणून ऑफिसात एक रिवाज होता. बुधवारी घरी जाताना प्रत्येकाने आपल्या नको असलेल्या फोल्डरांची नावं एका यादीत लिहून ठेवायची, एका ओळीवर एक. गुरुवारी सकाळी सहाला, कोणी यायच्या आत, ताईंनी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि ती फोल्डरं पुसून टाकायची. स्क्रिप्ट टीसीएल भाषेतली होती. चिपची सगळी अवजारं तीच भाषा बोलतात, म्हणून आम्हीही तीच बोलायचो. पुसायचं काम टीसीएल स्वतः करत नव्हती. ती कॉम्प्युटरच्या पुसणाऱ्या कमांडला हाक मारायची आणि तिच्या हातात नाव द्यायची. हे पुस.

मूळ स्क्रिप्ट एका वेळी एकच नाव घ्यायची. नोव्हेंबरअखेर डिस्क इतकी भरली की बॅकअपही होईना, तेव्हा काम झटपट व्हावं म्हणून मी कोणाला न विचारताच ती सगळी यादी एकदम घेईल असं करायला बसले. मी नावं एकापुढे एक जोडली, मध्ये एकेक मोकळी जागा सोडली आणि ती लांबलचक ओळ एका डॉलरवाल्या नावात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, भरून कमांडला दिली. काहीच पुसलं गेलं नाही. तक्रारही आली नाही. टीसीएलने ती पूर्ण ओळ म्हणजे एकच भलंमोठं नाव समजून पुढे केली होती, आणि तशा नावाचं फोल्डर जगात नव्हतं. मग इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेलं सापडलं, अशा वेळी ओळीच्या सुरुवातीला ‘इव्हॅल’ लावा. मी लावलं. बारा फोल्डरं एका फटक्यात गेली. शनिवारची संध्याकाळ होती. मला इतका आनंद झाला की आमच्याकडचा दुसरा रिवाज मी विसरले. स्क्रिप्टला हात लावेल त्याने तिच्या डोक्यावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, असा तो रिवाज. वर फक्त ‘हेमांगी खैरनार’ एवढंच राहिलं.

त्यानंतरचा एक गुरुवार सुखरूप गेला. कारण आमच्या फोल्डरांच्या नावांत मोकळी जागा कधी नसायचीच. तसा ताईंनीच नियम केला होता. त्यांच्याच अक्षरातला कागद पाण्याच्या फिल्टरच्या वर चिकटवलेला होता. ‘नावात जागा सोडू नये. खाली रेघ द्यावी.’

आणि काल, बुधवारी, त्यांनीच ती सोडली होती.

“घाईत केलं गं,” ताई म्हणाल्या. त्यांनी यादी उघडली होती. शेवटची ओळ होती, हेमांगी ओल्ड. मध्ये मोकळी जागा. “तीनला दोन मिनिटं होती. कुलथेबाईंचा फोन आला, रेणूला ताप वाटतोय म्हणाल्या. एका हाताने टाइप केलं आणि पळाले.”

माझ्या स्क्रिप्टने त्या एका नावाची दोन नावं केली होती. ‘हेमांगी’ आणि ‘ओल्ड’. ‘ओल्ड’ नावाचं काही नव्हतंच. ‘हेमांगी’ होतं.

मग त्यांनी स्क्रिप्ट उघडली. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांची नजर एका ओळीवर थांबली. कोणत्या, ते मला ठाऊक होतं.  त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“चहा झाला का तुझा?”

“नाही.”

“मग दोघींचा आण. माझ्यात साखर जास्त.”

टिपणीस सर दहाला आले. सर उंच, वाकून चालणारे, आवाज मात्र कायम खालच्या पट्टीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, ताईंच्या समोर बसले आणि सगळं ऐकून घेतलं. आम्ही बाकीचे आपापल्या स्क्रीनकडे बघत होतो आणि कोणीच काही करत नव्हतं.

“बॅकअप?”

“तीन आठवड्यांचा नाहीये, सर. आता जागा झाली होती, या रविवारी होणार होता.”

“म्हणजे तीन आठवड्यांचं काम.”

“हो.”

“नावात जागा कोणी सोडली?”

“मी.”

“स्क्रिप्ट कोणाची?”

 एक वाक्य बोलायचं होतं. ‘सर, ती ओळ माझी आहे.’ पाच शब्द. मी ते जिभेवर घेऊन बसले आणि डोळ्यांसमोर आमच्या घराचा ओटा आला. माझी नोकरी लागल्याचे पेढे आईने ज्या ओट्यावर बसून वाटले होते, तो.

“माझीच आहे, सर,” ताई म्हणाल्या. “वर नाव आहे माझं.”

सरांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाले, “हेमांगी, मी तुला आधी कधी बोललो नाही. पण हे अर्ध्या दिवसाचं जमत नाहीये. तुझं लक्ष अर्धं घरी असतं. साहजिक आहे, मी दोष देत नाही. पण सोमवारी हे गेलं नाही तर गिऱ्हाईक जाईल. आणि गेलं तरी, सोमवारपासून पूर्ण दिवस. नाहीतर घरी राहा वर्षभर, मग बघू.”

“सर, सहापर्यंत तिला ठेवायला…”

“ते तू बघ.”

 ताईंनी टेबलावरचा फोन उचलला, कोणाला लावला नाही, तसाच उलटा ठेवला.

सर केबिनमध्ये गेल्यावर गिरीश सावकाश म्हणाला, “ताई, आज घंटा देणार नाही मी.”

“दे रे,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मला वेळ कळत नाही.”

जेवायला आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यात बसायचो, उन्हाच्या पायरीवर. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

“ताई, ते इव्हॅल मी घातलं.”

“माहितीये.” त्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या. “जेव आधी.”

“मग सरांना का नाही सांगितलं?”

“सांगून काय झालं असतं? तुला काढलं असतं. नवीन कोणी आणलं असतं, त्याला शिकवायला मला परत चार महिने. आणि मी तीनला जाते, मोहिनी. तीननंतर माझं काम कोण बघतं? गिरीश? तो पट्टी वाजवतो.” त्यांनी माझ्या डब्याचं झाकण स्वतःच काढलं. “मेथीची केलीस? मला दे थोडी.”

मला रडू येत होतं आणि त्या भाजी खात होत्या.

“पण मला ते नीट कळलंच नव्हतं,” मी म्हणाले. “कुठूनतरी उचललं आणि चाललं.”

“चाललं, तोच तर घोळ असतो.” त्यांनी मांडीवरचा रुमाल झटकला, त्यावर एक भाकरी ठेवली आणि चारही टोकं आत घेऊन गुंडाळी केली, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तशी. मग ती माझ्या हातात दिली.

“टीसीएल ओळ एकदाच वाचते. डॉलर दिसला की त्या जागी आतली वस्तू ठेवते, आणि ठेवते ती अशी, गुंडाळलेली. आत कितीही मोकळ्या जागा असू देत, तिच्या हिशेबी एकच बाळ. असंच पुढच्याच्या हातात जातं. कळलं?”

“हो.”

“तू इव्हॅल लावलंस, म्हणजे तिला म्हणालीस, बाई, परत एकदा वाच. पहिल्या वाचण्यात दुपटं सुटलेलं. आता दुसऱ्यांदा वाचताना तिला आत जागा दिसल्या, आणि तिने प्रत्येक जागेवर तुकडा पाडला.”

“मग ‘हेमांगी ओल्ड’ला यादीत एकेरी अवतरण लावलं असतं तर? शेलमध्ये कमांड टाइप करताना आपण लावतो तसं?”

“ते शेलला कळतं, हिला नाही. हिला एकेरी अवतरण म्हणजे नुसतं एक अक्षर. नावातलंच एक समजून पुढे ढकलते. सगळ्यांचीच होते ती चूक, शेलची सवय हाताला असते.” त्यांनी रुमाल काढून घेतला. “हिच्याकडे दुपटी दोनच. दुहेरी अवतरण हे मलमलचं. गुंडाळतं, पण आत डॉलर असला तर तो उघडून बघितला जातो. आणि महिरपी कंस म्हणजे गोधडी. आत काय आहे ते कोणी बघत नाही, जसं आहे तसं जातं. कुठे कोणतं घालायचं एवढं कळलं की झालं.”

“आणि यादीसाठी?”

“यादीसाठी काहीच नको. एकेक नाव घे, एकेकदा दे. बारा नावं तर बारा हाका. घाई काय आहे? सकाळी सहाला कोण वाट बघत असतं?”

त्यांनी भाकरीचा शेवटचा घास घेतला. घाई हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता. तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण त्या जरा थांबल्या, मग उठून हात धुवायला गेल्या.

आमच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ‘हेमांगी ओल्ड’. टाकून द्यायचं म्हणून ठेवलेलं ते तीन आठवड्यांपूर्वीचं काम चुकून वाचलं होतं. दुसरी, ताईंची वही.

त्या वहीची ऑफिसात चेष्टा व्हायची. दोनशे पानी, शाळेतल्या मुलांची असते तसली, कव्हरवर डोंगर आणि बोट. “बाळ झाल्यापासून डोक्यात काही राहत नाही,” असं म्हणत ताई दिवसभर केलेला एकेक बदल तिच्यात लिहायच्या. कोणता भाग कुठून कुठे सरकवला, कोणती तार कोणत्या थरातून नेली, का नेली. गिरीश म्हणायचा, ताई, फाईल सेव्ह होते हो आपोआप.

दुपारी आम्ही जुन्या कामावर वहीतला पहिला दीड आठवडा चढवला. ताई वाचायच्या, मी टाइप करायचे. त्यांनी स्क्रिप्टही सुधारून ठेवली होती. सकाळी मी चहा आणायला गेले तेव्हाच केव्हातरी. पावणेतीनपर्यंत नऊ दिवसांचं काम उरलं होतं.

गिरीशने पट्टी वाजवली, पण हळू. तोंडाने काही बोलला नाही.

ताईंनी पर्स घेतली, एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग वही माझ्यासमोर ठेवली.

“उरलेलं करशील?”

“मी?”

“दुसरं कोण आहे? क्रमाने जा. एक बदल केला की लगेच तपास, मग पुढचा. अडलं तर सोडून दे, मी सकाळी बघेन.” त्या दोन पायऱ्या उतरून परत वर आल्या. “समासात घरचं आहे काहीबाही. तिकडे बघू नकोस.”

आणि त्या गेल्या. ज्या पोरीने सकाळी त्यांचं काम पुसलं होतं, तिच्या हातात दुपारी ते पुन्हा देऊन गेल्या. मी बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले होते.

समासात बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. उजवीकडे चिप होती आणि डावीकडे रेणू. ‘९.४० दूध.’ ‘शी हिरवट.’ ‘कुलथेबाईंना डबा परत.’ ‘दात? खालचा?’ कुठे घाईत लिहिलेलं, कुठे पेन बदललेलं. काम झालं की ओळीपुढे टिक. राहिलं की ती ओळ दुसऱ्या दिवशीच्या समासात पुन्हा उतरवलेली. मी नजर उजवीकडे ठेवून एकेक बदल करत गेले.

दोन डिसेंबरच्या पानावर माझं नाव दिसलं.

डाव्या समासात, ‘रेणूचं लसीकरण’ आणि ‘साबण’ यांच्यामध्ये लिहिलं होतं, ‘मोहिनीला इव्हॅलचं सांगायचं. गुरुवारच्या आत.’

पुढे टिक नव्हती.

मी पान उलटलं. तीन डिसेंबर. ‘मोहिनीला इव्हॅलचं सांगायचं.’ चार डिसेंबर. ‘मोहिनीला इव्हॅल.’ पाच तारखेला गुरुवार होता, सुखरूप गेलेला. तिथे लिहिलं होतं, ‘वाचलो. आज नक्की सांगायचं.’ सहाला फक्त ‘मो. इव्हॅल’. मग सात, नऊ, दहा. दहाच्या पानावर त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. अकराला, म्हणजे काल, तीच ओळ सगळ्यात वर होती, आणि तिच्या शेवटी लहान अक्षरात लिहिलं होतं, ‘राहिलं.’

नऊ दिवस. नऊही दिवस आम्ही एका पायरीवर बसून जेवलो होतो. पण त्या जेवणात त्यांच्या मांडीवर फोन असायचा, कुलथेबाईंचा येईल म्हणून, आणि अर्धा डबा तसाच बंद होऊन खाली जायचा.

सकाळी सरांना ‘माझीच आहे’ म्हणताना त्यांचा आवाज अजिबात हलला नव्हता. का हलला नव्हता ते मला आत्ता कळत होतं.

साडेचार वाजले होते. मी वही मिटली, माझ्या खणात ठेवली आणि सरांच्या केबिनच्या दारावर टकटक केली.

“सर, सफाईच्या स्क्रिप्टमधली ती ओळ माझी आहे. तीस नोव्हेंबरला मी बदलली. वर नाव घातलं नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “सकाळी हेमांगी म्हणाली, तिची.”

“मूळ त्यांची. त्यांची होती तोवर नावात जागा असती तरी बिघडलं नसतं. मी हात लावल्यावर बिघडलं.”

“सकाळी तू तिथेच होतीस.”

“हो.”

“तेव्हा का नाही बोललीस?”

“घाबरले होते.”

“आता नाहीस?”

“आताही आहे, सर.”

 खालून कोणीतरी डॉक्टरांना विचारत होतं, गोळ्या चावायच्या की चोखायच्या.

वहीतल्या त्या ओळींबद्दल मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझं ओझं अर्धं झालं असतं. नाही बोलले.

“काम कुठवर आलंय?”

“सहा दिवसांचे बदल उरलेत. ताई लिहून गेल्यात सगळं. उद्या दुपारपर्यंत होईल.”

“त्या चेष्टेच्या वहीत?”

“त्याच वहीत.”

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “तुझं प्रोबेशन तीन महिने वाढवतोय. पत्र मिळेल.”

“बरं, सर.”

“आणि हेमांगीचा अर्धा दिवस आहे तसा राहू दे. सांग तिला उद्या. नको, मीच सांगतो.” मी दाराशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, “रोज अडीच ते तीन तिच्या शेजारी बसत जा. फोन बंद, दोघींचेही. कुलथेबाई की कोण, त्यांना माझा नंबर द्या. एकमेकींना काय सांगायचं असेल ते त्या अर्ध्या तासात सांगून टाकायचं.”

ते हे का म्हणाले, मला ठाऊक नाही. वही त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

जागेवर येऊन मी स्क्रिप्ट उघडली. ताईंनी इव्हॅल काढून टाकलं होतं. आता एकेक नाव वेगळं, एकेक हाक वेगळी. मी डोक्यावर गेले आणि त्यांच्या नावाखाली लिहिलं, ‘बदल: मोहिनी पगार, ३० नोव्हेंबर. या बदलामुळे १२ डिसेंबरला काम पुसलं गेलं. दुरुस्ती: हेमांगी खैरनार.’ प्रोग्रॅमवर माझं नाव लागायची ती पहिली वेळ.

मग वही काढली, अकरा डिसेंबरचं पान उघडलं आणि त्या ओळीपुढे, ‘राहिलं’च्या शेजारी, टिक केली.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या. सरांनी त्यांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या, मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी वही घेतली, चाळली, मिटली आणि म्हणाल्या, “चल, चौथ्या थरापासून सुरू करू.” सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी काम गिऱ्हाइकाकडे गेलं. गिरीशने पट्टीने लांबलचक घंटा दिली, आणि त्या दिवशी ऑफिसची शाळा बारालाच सुटली.

ते ऑफिस आता नाही. ताई कोल्हापूरला असतात, मी पुण्यात. माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. तो दुपारी झोपतो ती चाळीस मिनिटं माझी. हे सगळं त्याच चाळीस-चाळीस मिनिटांत लिहिलंय, म्हणून कुठे सांधा दिसला तर सांभाळून घ्या. माझ्याकडेही एक वही आहे. उजवीकडे काम, डावीकडे तो. डाव्या समासात गेले सतरा दिवस एक ओळ एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरतेय, ‘हेमांगीताईंना फोन.’

आज तो लवकर झोपला. मी लावला.

“बोल गं मोहिनी! पाचच मिनिटं आहेत हं, रेणूला चित्रकलेच्या क्लासला सोडायचंय. बाळ कसंय?”

“झोपलंय. ताई, एक विचारायचं होतं. खूप जुनं आहे. तुमची ती डोंगराची वही आठवते? त्यात इव्हॅलच्या ओळीपुढे…”

“टिक,” त्या म्हणाल्या. “पाहिली की. शुक्रवारीच पाहिली.”

 “ती मी केलेली. तुम्हाला वाटलं असेल, तुम्हीच कधीतरी…”

“अगं, टिक उलटी होती. शेपूट डावीकडे. आपल्याकडे डावखुरं कोण होतं दुसरं?”

पलीकडे रेणूने कुठूनतरी हाक मारली, आई, ब्रश कुठेत. इकडे पाळण्यात हालचाल झाली. मी घाईघाईने विचारलं, “मग इतक्या वर्षांत कधी बोलला का नाहीत?”

ताई हसल्या. तसंच, जिना उतरताना हसायच्या तसं.

“राहिलं गं,” त्या म्हणाल्या.